लॅव्हनमची हाय स्ट्रीट: लाकडी सांगाड्याच्या घरांची पाहणी आणि दुरुस्ती (प्रकल्प नोंदी)

४ मार्च

कामाची हद्द पक्की झाली. इंग्लंडच्या सफोक परगण्यातले लॅव्हनम गाव, त्याची हाय स्ट्रीट. वॉटर स्ट्रीटच्या नाक्यावरच्या स्वान हॉटेलपासून उत्तरेकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दर्शनी घरे बाहेरून पाहायची. ज्यांनी दार उघडले त्यांची पोटमाळ्यापर्यंत आतूनही पाहायची. एका घराच्या दर्शनी भिंतीची पूर्ण दुरुस्ती याच हंगामात करायची. घरांत लोक राहतात, म्हणून नोंदीत क्रमांक नाहीत. अक्षरे दिली आहेत. दुरुस्तीचे घर ‘आ’.

या गावात एवढी जुनी घरे एका ओळीत का उरली, याचे कारण पाहणीच्या कामाचे आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात इथे निळे जाड लोकरी कापड बनत असे. रंग वोड नावाच्या पानांपासून निघे. १५२४ च्या करनोंदीत लॅव्हनम इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत गावांत चौदावे होते. पुढे डच-फ्लेमिश निर्वासितांनी कोलचेस्टरकडे हलके कापड विणायला सुरुवात केली आणि इथला धंदा बसला. घरे पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही. ज्यांच्याकडे थोडाफार होता त्यांनी नुसता दर्शनी भाग बदलला. त्यामुळे रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीचे वय आणि घराचे वय वेगळे असू शकते, हे धरूनच प्रत्येक घराकडे पाहायचे.

११ मार्च

रस्त्यावरून पाहणी. विटांच्या सपाट, उभ्या खिडक्यांच्या घरांपाशी सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण फसवतात तीच. विटेच्या भिंतीमागे ओकचा सांगाडा आहे का, हे ओळखायच्या खुणा:

- छपराचा उतार. दर्शनी भाग अठराव्या शतकातला आणि उतार पन्नास अंशांच्या आसपास असेल, तर छप्पर भिंतीपेक्षा जुने.
- धुराडे. टोकाच्या भिंतीत नसून घराच्या मधूनच वर आले असेल, तर ते जुन्या, छपरापर्यंत मोकळ्या दिवाणखान्यात नंतर घुसवलेले असण्याची शक्यता मोठी.
- खिडकीच्या कडेला दिसणारी भिंतीची जाडी. फक्त अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची दिसली तर भिंत म्हणजे नुसता पापुद्रा.
- बोळातून दिसणारी बाजू. समोर विटा, बाजूला उभे खांब आणि रस्त्याकडे पुढे आलेल्या वरच्या मजल्याच्या कड्यांची टोके. घर ‘ई’ला हे अगदी स्वच्छ दिसते: पुढे आलेल्या मजल्याखाली नंतर भिंत चढवून तळमजला त्याच्या रेषेत आणला आहे.

विटांच्या अशा दर्शनी भिंतींचे ठरलेले दुखणे वरच्या कठड्यामागे असते. कठडा छपराची कड लपवतो आणि त्याच्यामागे शिशाच्या पत्र्याची पन्हळ असते. ती पाने-शेवाळाने तुंबली की पाणी उलटे भिंतीच्या माथ्यावरच्या तुळईत जाते. वासे तिथेच बसलेले असतात, त्यामुळे बाहेर डाग दिसेपर्यंत वाशांची टोके मऊ झालेली असतात. ‘ई’ आणि ‘उ’ या दोन्ही घरांना शिडी लावून पन्हळ बघायची, असे टिपून ठेवले.

वाकडेपणाबद्दल. या रस्त्यावर एकही घर ओळंब्यात नाही, आणि पाहायला येणारे लोक त्याचेच फोटो काढतात. ओक ओला असतानाच कापून, जोडून उभा करत. ओला ओक सुकताना रुंदीत सात-आठ टक्क्यांपर्यंत आकसतो. पिळवटणे, कलणे बहुतेक पहिल्या काही दशकांतच होऊन गेलेले असते. त्याला हात लावायचा नाही. लक्ष द्यायचे ते नव्या हालचालीकडे: भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील तर ती ताजी, आत धूळ, कोळिष्टक किंवा जुना चुना असेल तर जुनी. संशयित भेगांवर काचेच्या पट्ट्यांऐवजी पितळी खुणा बसवून कॅलिपरने अंतर मोजत आहोत. काच फुटते तेव्हा काहीतरी हलले एवढेच कळते; किती आणि कुठल्या दिशेने, ते कळत नाही.

१९ मार्च

पोटमाळे: ‘आ’, ‘इ’ आणि ‘ऊ’.

‘इ’ सगळ्यांत बोलका निघाला. मधल्या दोन खणांतले वासे काजळीने काळेभोर आहेत; बोट फिरवले तर चकचकीत, डांबरासारखा थर लागतो. जमिनीवर मधोमध चूल आणि वर छपरापर्यंत मोकळी जागा असलेल्या दिवाणखान्याचा हा पुरावा. त्याच्या एका टोकाला कुडाची आडभिंत आहे. तिची एक बाजू काळी, दुसरी मातकट. काळी बाजू दिवाणखान्याकडची, स्वच्छ बाजू माडीकडची. एवढ्यावरून मूळ घराची विभागणी कागदावर मांडता आली.

छपराची रचना अशी: आडव्या तुळईवर मधोमध एक खांब उभा, पण तो आढ्यापर्यंत जात नाही. वाशांच्या प्रत्येक जोडीला मध्यावर बांधणारी आडवी पट्टी असते. या पट्ट्यांखालून घराच्या लांबीने जाणारी तुळई तो तोलतो. चारही बाजूंना बाकदार तीर. खांबाला खाली घडीव पायथा आणि वर कोरीव माथा असेल, तर तो खालून दिसावा म्हणूनच केलेला. म्हणजे तिथे मजला नव्हता. ‘इ’मधला खांब तसा आहे. आता त्याच्या पायथ्याभोवती फळ्या ठोकल्या आहेत.

घरमालकांना लेखी कळवले: काजळी पुसू नका, व्हॅक्यूम लावू नका, लाकडाला वॉर्निश नको. एकदा ती गेली की पुरावा गेला.

सुतारांच्या खुणा: जोडाच्या दोन्ही लाकडांवर रोमन आकडे कोरलेले. चारसाठी चार उभ्या रेघा, नऊसाठी पाचाची खूण आणि चार रेघा. एखाद्या रेघेला टोकाशी छोटी शेपटी असेल तर ते लाकूड घराच्या दुसऱ्या बाजूचे. ‘इ’मध्ये आकडे दक्षिणेकडून ओळीने येतात आणि एक मधेच गायब आहे. नेमके तिथेच धुराडे घातले आहे. ‘आ’मध्ये खुणा उलटसुलट आहेत, वाशांमध्ये जुनी, दुसरीकडून आणलेली लाकडे मिसळली आहेत असे दिसते.

‘ऊ’च्या पहिल्या मजल्यावर एका तुळईच्या खालच्या अंगाला चौकट तिरपी करून मारलेल्या खाचांची ओळ सापडली. मध्ययुगीन बिनकाचेच्या खिडकीचे गज असे बसवत, कोपरा बाहेर काढून. शेजारी लांब खोबण आहे, ती सरकत्या झडपेची. आज तिथे सलग गिलावा आहे. खिडकी उघडायचा आमचा काहीही विचार नाही. नोंद आणि रेखाटन पुरे.

२७ मार्च

ओलावा मोजणी. सांगाड्याचा सगळ्यात कमकुवत भाग जोत्यावर आडवी पडलेली ओकची तुळई. तिच्यातच सगळे खांब कुसू (टोकाला कोरलेली जीभ) घालून रोवलेले असतात. (पुढे तिला तळतुळई म्हटले आहे.) दोन टोचण्यांच्या ओलावामापकाने खांबाच्या पायापासून वर दर २०० मिमीवर आकडे घेतले.

लाकडात २० टक्क्यांवर ओल कायम राहिली की बुरशीचा धोका धरायचा. ‘आ’ची तळतुळई २८ ते ३२ टक्के दाखवते, खांबांवर एक मीटर वर गेल्यावर आकडा १५-१६ वर येतो. म्हणजे पाणी मुख्यतः खालून आणि भेगांतून आहे, छपरातून नाही. मापक गिलाव्यात टोचून आलेल्या आकड्यांना मात्र अर्थ नाही: रस्त्यावर हिवाळ्यात टाकलेले मीठ भिंतीत चढलेले असते आणि क्षारांमुळे मापक कोरड्या भिंतीतही लाल दिवा लावतो. फक्त लाकडातलेच आकडे टिपायचे.

बारीक टोच्या लाकडात दाबून पाहिला. चांगल्या जुन्या ओकमध्ये तो जेमतेम दोन-तीन मिमी शिरतो. इथे उत्तर टोकाला मुठीपर्यंत गेला. मग ६ मिमीचे भोक पाडून भुसा पाहिला: वरचे ३० मिमी तांबूस तुकडे, पुढे काळसर ओला लगदा, मागच्या अंगाला पुन्हा फिकट, निरोगी भुसा. मागचा भाग वाचवता येईल.

किडीची भोके सुमारे ३ मिमीची आहेत, म्हणजे डेथवॉच भुंगेरा. हा कोरड्या, टणक ओकला फारसे काही करू शकत नाही. बुरशीने मऊ केलेला ओक त्याला लागतो. प्रौढ किडे एप्रिल ते जूनमध्ये बाहेर पडतात. भोकांवर पातळ कागद चिकटवून ठेवला. कागद फुटला तर कीड जिवंत आहे. फवारणीचा सल्ला देणारे खूप भेटतात, पण फवारा लाकडात काही मिलिमीटरच जातो आणि अळी आत खोल असते. ओल काढली की किडीचे अन्नच जाते.

ओल का आली? तीन कारणे सापडली. रस्ता आणि पदपथ पिढ्यानुपिढ्या थरावर थर चढून वर आले आहेत. तळतुळई जमिनीपासून किमान १५० मिमी वर हवी, ‘आ’ला उत्तर टोकाशी ती जवळजवळ पदपथाला टेकली आहे. दुसरे, विसाव्या शतकात भिंतीवर चढवलेला सिमेंटचा गिलावा. तिसरे, त्याच गिलाव्याची कड थेट पदपथात उतरवलेली.

८ एप्रिल

वृक्षवलयांवरून कालनिर्णय करणारे तज्ज्ञ येऊन गेले. ‘इ’ आणि ‘आ’मधून पेन्सिलीएवढ्या जाडीचे नमुने घेतले. सफोकचा ओक भराभर वाढलेला असतो, वलये रुंद आणि कमी. निदान पन्नासेक वलये नसली तर जुळणी भरवशाची होत नाही, म्हणून ‘आ’चे बरेच खांब मोजणीआधीच बाद. ‘इ’च्या एका तुळईला सालीपर्यंतची कड शिल्लक आहे, तिच्यावरच भिस्त. साल नसेल आणि बाहेरचे मऊ लाकूड अर्धवट उरले असेल, तर इंग्लंडच्या ओकसाठी ९ ते ४१ वलयांचा अंदाज धरून तोडीचा काळ वर्षांच्या पट्ट्यात सांगावा लागतो. भोके ओकच्याच गोल खुंट्यांनी बुजवली.

१५ एप्रिल

‘आ’साठी परवानगी आली. अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला बेबर जिल्हा परिषदेकडे दिला होता. सूचीबद्ध (सरकारी वारसा यादीतल्या) इमारतीत परवानगीशिवाय तिचे स्वरूप बदलणारे काम करणे १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. यादीत घराचा दर्जा दुसरा असला तरी आतल्या भागालाही हेच लागू. फक्त दर्शनी भाग संरक्षित असतो हा समज चुकीचा.

अटी: सिमेंटखाली जुने नक्षीदार चुनकाम निघाले तर काम थांबवून वारसा अधिकाऱ्याला बोलवायचे, चुन्याच्या गिलाव्याचा एक चौरस मीटरचा नमुना आधी मंजूर करून घ्यायचा, काढलेल्या प्रत्येक लाकडाचे छायाचित्र आणि माप. वटवाघळांची पाहणी झाली आहे, या भागात त्यांचा थारा नाही. परांची पदपथावर येणार म्हणून परगण्याच्या रस्तेखात्याचा परवाना वेगळा.

२९ एप्रिल

सिमेंट उतरवायला सुरुवात.

सिमेंटचा गिलावा एवढा घातक का, ते इथे उघड्यावर दिसते. सांगाडा ऋतूप्रमाणे थोडा फुगतो, आकसतो, वाऱ्याने हलतो. सिमेंट ताठ. ते खांबांच्या रेषेवर केसाएवढ्या भेगा पाडून घेते आणि पावसाचे पाणी त्यांतून आत ओढले जाते. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन परत निघाले असते; सिमेंटमागे ते अडकते, खाली उतरते आणि तळतुळईवर साचते. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत लाकडी खांबांभोवती सिमेंट लिंपल्यावर खांबाचा पाया कुजतो, त्याचेही कारण हेच.

पद्धत: यांत्रिक फोडणी अजिबात नाही. तिच्या कंपनांनी जोडातल्या खुंट्या सैल होतात आणि शेजारचा चांगला कूड गळून पडतो. रुंद छिन्नी आणि हातोडा, वरून खाली, साधारण ६०० मिमीचे चौकोन. इथला गिलावा जस्ती जाळीवर होता. जाळी कात्रीने तुकड्यांत कापली आणि खिळ्यांची डोकी चिमट्याने छाटली. जाळी ओढून काढायची नाही: खिळे ओकमध्ये गंजून घट्ट बसलेले असतात आणि लाकडाच्या ढलप्या घेऊनच निघतात. उरलेले खिळे तसेच राहू द्यावेत.

खाली नक्षीकाम नाही. वरच्या मजल्यावर दोन खणांत जुना केसांचा (केस मिसळलेला) चुना शाबूत आहे. तो ठोठावून पाहिला, पोकळ आवाज येतो तेवढाच काढला.

खांबांच्या तोंडावर महत्त्वाचा पुरावा मिळाला. ओळीने चालणारी खिळ्यांची बारीक भोके, आणि गिलावा धरावा म्हणून कुऱ्हाडीने मारलेले चरे. लाकूड उन्हापावसात करडे पडलेले नाही. खांब साधे, अंतरे असमान. वॉटर स्ट्रीटच्या श्रीमंत घरांत खांब एकमेकांना खेटून लावले आहेत, ते लाकूड मिरवायला. ‘आ’चा सांगाडा मात्र बराच काळ झाकलेलाच होता. म्हणून तो पुन्हा चुन्याने झाकायचा. शेजारच्या घरासारखे खांब उघडे ठेवा, छान दिसेल, असा आग्रह आला होता; पण ही घरे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची करायची हौस बरीच अलीकडची, आणि कमी प्रतीचे लाकूड उघडे टाकणे म्हणजे त्याला पावसात उभे करणे. जिथे सांगाडा खरोखर उघडा होता तिथेही लाकडाला काळा रंग नको. जुन्या रीतीप्रमाणे लाकूड आणि भिंत दोन्हींवरून चुना फिरे, किंवा ओक आपोआप रुपेरी करडा होई.

८ मे

तळतुळई. हे काम घाईने केले तर घर खाली बसते.

आधी आधार: पहिल्या मजल्याच्या तुळईखाली आतून स्क्रूचे टेकू, खाली जाड फळ्या टाकून भार पसरवलेला, दर्शनी बाजूला भिंतीतून आरपार घातलेल्या आडव्या तुळया, त्यांची दोन्ही टोके टेकूंवर. टेकू हाताने घट्ट, मग पाव फेरा. घर उचलायचे नाही, फक्त आहे तिथे धरायचे. जास्त पिळले की वरचे जोड उघडतात.

एका वेळी फार तर १.२ ते १.५ मीटरचा तुकडा काढायचा. कुजलेला भाग कापताना निरोगी लाकूड ठेवण्यावर भर. दक्षिण टोकाला पुढची अर्धी जाडीच गेली होती, तिथे तेवढीच नवी जोडली.

लाकूड: इंग्लिश ओक, २०० x १७५ मिमी, काही वर्षे हवेत सुकवलेला. एवढी जाडी पूर्ण सुकायला फार वर्षे लागतात (इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा), पण अगदी ओला ओक पाचशे वर्षांच्या कोरड्या ओकला जोडला तर आकसून जोड उघडा पाडतो. जुन्या इमारतींतून काढलेले लाकूड मुद्दाम घेतले नाही. त्या बाजारामुळे कुठेतरी दुसरे घर मोडले जाते. नव्या लाकडावर मागच्या अंगाला वर्ष कोरले, म्हणजे पुढे कोणी त्याला मूळचे समजणार नाही.

जोड: समोरासमोर अर्धे कापून जिभा घातलेला, चार खुंट्यांचा. मूळ तुळईचा जोडही असाच आहे. इसेक्सच्या इमारतींतले असे जोड कालक्रमाने लावण्याचे काम सेसिल ह्यूएट यांनी केले. जोडावरून काळाचा अंदाज बांधताना अजूनही तिथूनच सुरुवात होते. खुंट्या फाडलेल्या कोरड्या ओकच्या, २० मिमी. कुसूतले भोक खाचेतल्या भोकापेक्षा ३ मिमी खांद्याकडे सरकवले, म्हणजे खुंटी ठोकताच जोड ओढून घट्ट बसतो. अंतर ५-६ मिमी झाले तर खुंटी आतच मोडते, आणि ते बाहेरून कळत नाही.

चार खांबांचे पाय गेले होते. प्रत्येकाला खांबाच्या जाडीच्या तिप्पट लांबीचा अर्धाअर्धी जोड. जिथे धातू टाळता आला नाही तिथे फक्त स्टेनलेस बोल्ट. ओकमधल्या टॅनिनने साधे लोखंड खाल्ले जाते आणि भोवतीचे लाकूड काळे पडते.

जोते पदपथापासून १६० मिमी उंच करून घेतले: वीट आणि फ्लिंट (गारगोटीचे दगड), नैसर्गिक जलचुना (ओलीतही धरणारा, ३.५ ताकदीचा) एक भाग, भरड वाळू अडीच भाग. ओलीच्या जागी साधा चुना धरायला फार वेळ घेतो, म्हणून इथेच फक्त जलचुना. तुळईखाली स्लेटचे तुकडे ठोकून फट भरली. उंची वाढली त्यामुळे खांबांचे नवे पाय तेवढे आखूड कापले. बाहेरच्या अंगाला तुळई जोत्याच्या कडेपुढे १० मिमी येते, पाणी जोत्यावर थांबत नाही.

२० मे

कूड. सहा खणांत काठ्या कुजल्या होत्या, बाकी ठीक. सफोकची रीत: दोन खांबांच्या मधे खाचांत आडव्या ओकच्या पट्ट्या ताणून बसवायच्या आणि त्यांना हेझलच्या फाडलेल्या उभ्या काठ्या सुतळीने बांधायच्या. विणायचे नाही, खण अरुंद असल्याने काठी वाकवून विणली तर मोडते.

माती परसातलीच, वरचा काळा थर काढून खालची खडूमिश्रित चिकणमाती. जुना पडलेला कूडही भिजवून त्यात मिसळला. चाचणी: मुठीएवढा गोळा करून सुकवायचा, तडे गेले तर भरड वाळू वाढवायची, बोटाने भुगा झाला तर चिकणमाती. दहा बादल्या मातीला दोन बादल्या वाळू लागली. बार्लीचा पेंढा ७५-१०० मिमी कापून, पायाने तुडवत, ढेकूळ फोडल्यावर सगळीकडे काड्या दिसेपर्यंत. पाणी कमीत कमी. पाण्याने सैल केलेली माती लिंपायला सोपी, पण सुकताना खांबापासून बोटभर सुटते.

दोन माणसे, एक आत एक बाहेर, एकाच वेळी दाबतात, म्हणजे माती काठ्यांमध्ये एकमेकींना भिडते. सुकायला महिना-सव्वा महिना. कडेची फट पडणारच. ती पूर्ण सुकल्यावर केसांच्या चुन्याने भरायची. फोम आणि सिलिकॉन परांचीवर आणायलाही मनाई आहे.

३० जून

पट्ट्या आणि गिलावा.

पट्ट्या चेस्टनटच्या, करवतीने कापलेल्या नव्हे, फाडलेल्या: २५ ते ३० मिमी रुंद, ५-६ मिमी जाड. फाडलेली पट्टी रेषेत तुटत नाही आणि तिचा खडबडीतपणा चुन्याला धरतो. मधली फट ८ ते १० मिमी. फट कमी ठेवली तर चुना मागे जाऊन वळत नाही, जास्त ठेवली तर वळण्याआधीच गळून पडतो. जोड दर आठ-दहा पट्ट्यांनी वेगळ्या खांबावर, नाहीतर तिथेच उभी भेग येते. खिळे स्टेनलेस.

मिश्रण: किमान तीन महिने मुरलेला चुन्याचा लगदा एक भाग, स्वच्छ, टोकदार, बारीक ते ५ मिमीपर्यंतच्या दाण्यांची वाळू तीन भाग. पाणी घालावे लागत नाही. मळत राहिले की लगद्यातलेच पाणी सुटते. बकरीचे केस चिमटीने पिंजून शेवटी, थोडे थोडे. पुरेसे झाले का, हे पाहायला थापीभर चुना उचलून झटकायचा: थापीच्या कडेला केस दाट झालरीसारखे लोंबले पाहिजेत. गुंता तसाच राहिला तर त्या जागी चुन्याला ताकद नाही. केस घातलेला चुना साठवून ठेवायचा नाही. चुना काही आठवड्यांत केस खाऊन टाकतो. चुनकळी वाळूत विरवून केलेल्या गरम मिश्रणात तर ते जळतातच, थंड झाल्यावरच घालावेत.

पहिला थर ८-१० मिमी, पट्ट्यांना तिरपी थापी मारत. पट्ट्या आधी फवारून ओल्या; कोरडी पट्टी चुन्याचे पाणी ओढते आणि फुगून तो ढकलते. थोडा आवळला की तिरप्या चौकटींत खरवडायचा. खरवडताना पट्टीपर्यंत जायचे नाही, मागची वळणे तुटतात. अंगठ्याच्या नखाने दाबले तर खूण उमटते पण बोट रुतत नाही, तेव्हा दुसऱ्या थराची वेळ. हवा बघून दहा-पंधरा दिवस. दुसरा थर ८-१० मिमी, लाकडी रंध्याने घासलेला. शेवटचा ३-४ मिमी, बारीक वाळू आणि कमी केस.

लांब सरळ पट्टी लावून भिंत सपाट करू नये, अशी गवंड्यांना स्पष्ट सूचना. सांगाडा जिथे फुगतो तिथे गिलावाही फुगतो. खोलगट जागी २५ मिमी भरून सपाट केलेला चुना वजनाने सुटतो.

खालची कड ओकच्या तिरप्या पट्टीवर थांबवली, जोत्यापुढे ४० मिमी झुकवून. पाणी तिथून ठिबकते. लोखंडी कोपरपट्ट्या वापरल्या नाहीत, गंजून चुना फोडतात.

ऊन लागत होते. परांचीला तरट बांधले, दिवसातून दोन-तीनदा ओले केले. पहिल्या थरात दक्षिण कोपऱ्यात जाळीदार बारीक भेगा आल्या. तरट वाऱ्याने उडाले होते आणि चुना धरण्याआधीच सुकला. पाणी मारून रंध्याने पुन्हा आवळल्यावर मिटल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते, वेग साधारण महिन्याला एक मिमी. ५ अंशांखाली तर तो जवळजवळ थांबतोच. ओल्या चुन्यात दव गोठले तर तो पापुद्र्यांनी गळतो. म्हणूनच बाहेरचा चुना एप्रिलनंतर सुरू आणि सप्टेंबरमध्ये बंद.

२२ जुलै

छपरावरची तुटकी कौले. हाताने केलेली सपाट, वर दोन भोके आणि लाकडी खुंटीवर टांगलेली. १४७७ च्या कायद्याने कौलाचे माप साडेदहा इंच लांब आणि सव्वासहा इंच रुंद ठरवले होते, आजही ते फारसे बदललेले नाही. नवी हातकौले मागच्या उतारावर टाकली आणि तिथली जुनी समोर आणली.

१९ ऑगस्ट

रंग. घरावर सिमेंटआधी गेरूचा फिका गुलाबी होता, चौकटीमागे थर सापडला. लगदा पाण्यात पातळ दुधासारखा करून गाळला. गेरू आणि थोडी पिवडी आधी कोमट पाण्यात भिजवून, चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत. त्यापेक्षा जास्त रंग चुना धरून ठेवू शकत नाही, हाताला लागतो. संपूर्ण भिंतीचा रंग एकाच पिंपात कालवला. दुसऱ्या दिवशीची छटा पहिलीशी जुळवणे अशक्य.

पाच हात, प्रत्येकात एक दिवस, दर वेळी भिंत ओलसर. पहिला हात पारदर्शक दिसतो आणि माणसाला वाटते पुरेसा घट्ट नाही. घट्ट केला की पोपडे येतात, बहुतेक वेळा बिघडते ते इथेच. वाऱ्या-पावसाच्या टोकाला शेवटच्या हातात किंचित चरबी मिसळली. आपल्याकडे गूळ-हिरडा चुना मळतानाच त्याच्या घाण्यात पडे. इथे चरबी किंवा कच्चे जवसाचे तेल, तेही बेतानेच, कारण तेल वाढले की पुढचा हात बसत नाही. चष्मा सक्तीचा, चुना डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाणी आणि थेट रुग्णालय.

१६ सप्टेंबर

परांची उतरली. ‘आ’च्या जुन्या तळतुळईचा उरलेला भाग २२ टक्क्यांवर आला आहे, खांब १४-१५. नव्या तुळईत तीन जागी स्टेनलेस पिना कायमच्या बसवल्या. वाचन महिन्यातून एकदा, फेब्रुवारीचे सर्वांत महत्त्वाचे. किडीच्या कागदांपैकी दोन मे महिन्यातच फुटले होते, दोन्ही उत्तर टोकाचे, आणि ते लाकूड तळतुळईसोबत गेले. पुढच्या एप्रिलमध्ये नवे कागद लावायचे.

घरमालकांकडे दिले: गेरूच्या त्याच मिश्रणाची दोन बंद पिंपे, प्रमाणाची चिठ्ठी, आणि वाऱ्या-पावसाच्या टोकाला चार-पाच वर्षांनी चुन्याचा हात देण्याची सूचना. पदपथावर माती साचली तर जोत्यापासून दूर ओढावी. फुलझाडांच्या कुंड्या भिंतीला टेकवू नयेत.

बाकी कामे. ‘ई’: कठड्यामागची पन्हळ साफ केली, शिशाच्या पत्र्याला दोन चिरा, पत्रे एकेका लांबीला फार मोठे घातले आहेत, उन्हाने ताणून फाटतात. छोट्या तुकड्यांत पायऱ्या देऊन नवे घालावे लागतील, आणि त्याआधी वाशांची टोके उघडून पाहायची. ‘उ’: शिडी अजून लावायची आहे. ‘इ’: सालीच्या कडेच्या नमुन्याचा निकाल यायचा आहे. ‘ऊ’: पितळी खुणांमध्ये हालचाल ०.२ मिमीच्या आत. वर्षभर मोजल्याशिवाय टेकू किंवा लोखंडी पट्टा सुचवायचा नाही.